बुरूज आणि दरवाजा

हिरकणीची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. रायगडाच्या पायथ्याशी राहणारी ही गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध घालावयास गडावर गेली, घरोघर दूध घालता घालता तिन्हीसांजा झाल्या, आणि रिवाजाप्रमाणे गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. दरवाजावरच्या माणसांनी हुकमाकडे बोट दाखविले. तेव्हा जेथून उतरण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा कड्यावरून ती चांदण्यात खाली उतरली आणि लेकराजवळ पोहोचली. पुढे ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. त्यांनी तिला बोलावून साडीचोळी दिली, तिचा गौरव केला, आणि ज्या कड्यावरून ती उतरली तेथे बुरूज बांधविला. तो आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

ही आख्यायिका आहे. तीत इतिहास किती याचा काथ्याकूट मला करावयाचा नाही. मला नवल वाटते ते त्या बुरजाचे. शाळेत आपल्याला शिकविले की बुरूज हे हिरकणीच्या धाडसाचे स्मारक. स्मारक तर तो आहेच. पण आधी तो तटबंदीचा भाग आहे. जेथून एक बाई उतरू शकते तेथून शत्रूही चढू शकेल, म्हणून ती वाट बुजविली गेली. किल्ल्याच्या दृष्टीने हे अगदी योग्यच झाले. परंतु त्यानंतर महिन्याभराने दुसरी एखादी गवळण गडावर अडकली असती तर? दरवाजा पूर्वीप्रमाणेच तिन्हीसांजेला बंद, आणि कडाही आता बंद.

दरवाजावरचा पहारेकरी दुष्ट नव्हता, हे येथेच सांगून टाकते. रात्री दरवाजा उघडा ठेवणे गडाला परवडणारे नव्हते. बहुतेक नियम असेच असतात. त्यांच्या मागे कोणाचा वाईट हेतू नसतो, फक्त ते करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दूध घालावयास आलेली बाई नसते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखादीची ओढाताण डोळ्यांनी पाहिल्यावर समाजाने काय करावे? तिचे कौतुक करावे, की दरवाजाच्या वेळेचा विचार करावा? दोन्ही करता येईल, असे कोणी म्हणेल. येते खरेच. पण माझा अनुभव असा की पहिले केले म्हणजे दुसरेही केल्यासारखे वाटू लागते.

हा अनुभव मला कोठे आला ते सांगितले पाहिजे. मी डॉक्टर. आरंभीची दोन वर्षे मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात आणि पुढची एकतीस वर्षे पुण्याच्या आसपासच्या दोन कारखान्यांत माझी नोकरी झाली. कारखान्यातला डॉक्टर म्हणजे बोटाला पट्टी बांधणारा आणि आजारपणाच्या दाखल्यावर सही करणारा माणूस, अशी समजूत तेव्हा होती. आजही ती फारशी बदललेली नाही. विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करण्याच्या खात्यात दीडशेच्या वर बायका होत्या. त्या माझ्या खोलीत येत, दार ओढून घेत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसत आणि म्हणत, ‘बाई, अडचण आहे.’

मासिक पाळीसाठी मराठीत आडवळणाचे शब्द किती! कावळा शिवणे, बाहेर बसणे, दूर होणे आणि ही अडचण. यांपैकी ‘अडचण’ हाच मला सर्वांत प्रामाणिक वाटत आला आहे. शरीराला ती अडचण नसते. ते आपले काम नेमाने करीत असते. अडचण होते ती खात्याची. आणि मौज अशी की कारखान्याच्या वेळापत्रकालाही आपण पाळीच म्हणतो: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. त्या खात्यातल्या एक वयस्कर मावशी एकदा मला म्हणाल्या, ‘बाई, ह्या दोन पाळ्यांचं एकमेकींशी कधी जमलंच नाही बघा.’ एवढे नेमके निदान मी कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात वाचलेले नाही.

या बायकांचे अर्ज पुष्कळदा मीच लिहून देत असे. मथळा ठरलेला: ‘सवलत मिळणेबाबत.’ दोन जिवांची असताना जड ट्रे उचलण्यातून सवलत. अंगात रक्त नाही म्हणून पंधरा दिवस बसून करावयाच्या कामाची सवलत. तान्हे मूल आहे म्हणून सकाळच्या पाळीतून सवलत. असे शेकडो अर्ज लिहिल्यावर मला त्या शब्दाचाच विचार पडू लागला. सवलत म्हणजे नियमाला घातलेली मुरड. मग नियम कोणाच्या मापाने बेतलेला आहे? एखाद्या शिंप्याने गावातल्या साऱ्यांना एकाच मापाचे सदरे शिवावे आणि ज्याच्या अंगात सदरा शिरत नाही त्याला सांगावे, की तुझ्या खांद्यातच काही दोष दिसतो, पण मी मेहेरबानी म्हणून शिवण थोडी उसवून देतो. तसाच हा प्रकार. कारखान्याने गृहीत धरलेला माणूस आठ तास उभा राहू शकतो, त्याला दिवस जात नाहीत, त्याच्या अंगावर कोणी पीत नाही, आणि त्याच्या घरी पहाटे उठून कोणीतरी त्याचा डबा भरून देते. या शेवटच्या अटीकडे तर कोणाचे लक्षही जात नाही. खरे म्हणजे पुष्कळ पुरुषांनाही हा सदरा होत नाही. पाठीचा मणका दुखावलेला, मधुमेहाने पायांची आग होणारा, घरी अर्धांगवायूने पडलेली आई असलेला, असे कितीतरी जण निमूटपणे त्यात अंग कोंबून वावरत असतात.

हे मला एका स्टुलामुळे उमगले. वाइंडिंगच्या बायका आठ तास उभ्या राहून काम करीत. संध्याकाळी पाय सुजत. शिरा फुगून निळ्या झालेल्या मी रोज पाहत होते. गरोदर असत त्यांची स्थिती तर विचारू नये. मी व्यवस्थापकांना लिहिले की हे काम बसून होण्याजोगे आहे, स्टुले द्यावी. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण बायकांना स्टूल दिलं, की उद्या पुरुष मागतील.’ मी म्हटले, ‘मागतील तर द्या.’ ते हसले आणि विषय तेथेच राहिला. चौदा महिने माझे पत्र त्यांच्या टेबलावर होते. शेवटी आली ती दया म्हणून नव्हे; एका नव्या इंजिनियराने हिशेब मांडला की दुपारनंतर तारा तुटण्याचे प्रमाण वाढते आणि ते थकव्यामुळे वाढते. स्टुले आली. वर्षाच्या आत पुरुषांच्या खात्यातही आली, आणि कारखाना काही बुडाला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी केरळातील कोझिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांची हकीकत वाचली तेव्हा त्या स्टुलांची आठवण झाली. दिवसभर उभे राहावयाचे, गिऱ्हाईक नसले तरी बसावयाचे नाही, लघवीला जावयाचीही चोरी. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला बसावयास आसन देणे बंधनकारक केले. २०२१ साली तामिळनाडूनेही तेच केले. ह्या दुरुस्त्या केवळ बायकांपुरत्या नाहीत. दुकानातल्या प्रत्येक कामगाराला त्या लागू आहेत. मागितले बायकांनी आणि मिळाले सर्वांना, याचा इतिहास आपल्याकडे तसा जुना आहे. १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांची जी मोठी सभा भरली, तीत आठवड्याच्या सुटीची मागणी करण्यासाठी दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती. आज रविवारी दुपारी वामकुक्षी करणाऱ्या गृहस्थांना त्या दोघींचे ऋण ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता सर्वांत बळकट आक्षेपाकडे वळते. तो असा, की तुम्ही स्त्रियांसाठी जितके मागाल तितक्या त्या नोकरीला महाग होतील, आणि महाग वस्तू कोणी घेत नाही. हा आक्षेप घेणारे सगळे स्त्रीद्वेष्टे असतात असे नाही. कित्येक स्त्रियाच तो घेतात. आणि मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहिला तर तो झटकून टाकता येत नाही.

गिरणीत बायकांची खाती म्हणजे वाइंडिंग आणि रीलिंग. त्यांच्यावर नायकिणी असत. कामावर घेणे, काढणे त्यांच्या हाती. बाळंत होईपर्यंत काम करावयाचे आणि बाळंत झाल्यावर जागा जाऊ नये म्हणून लवकरात लवकर परत यावयाचे, असा शिरस्ता. मूल चाळीत. ते रडू नये, झोपून राहावे, म्हणून कामावर निघण्यापूर्वी त्याला अफूची गोळी द्यावयाची. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करविली, तीत ही अफूची चाल किती सर्रास होती ते नोंदले गेले. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत गेल्याची नोंद आहे. नोंदीतले दोष वजा केले तरी हा आकडा वाचताना हात थांबतो. ती अफू देणारी आई निर्दय होती असे मला कधी वाटले नाही. तिच्यापुढेही बंद दरवाजाच होता. तिच्या वाट्याला कडा आला नाही, एवढेच. आणि अफूच्या गोळीला कोणी बुरूज बांधत नाही.

या पार्श्वभूमीवर १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूति-लाभाचे विधेयक चर्चेला आले. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली भूमिका मला अजून कोणी ओलांडली आहे असे वाटत नाही. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हेही मोकळेपणाने मान्य केले. परंतु सरकार तो उचलीत नाही तोवर मालकाने हात झटकावे, हे त्यांना कबूल नव्हते. कारण स्त्रीला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणूनच तो तिला ठेवतो. १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातला तो अशा तऱ्हेचा पहिला.

आणि मग काय झाले? त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार स्त्री होती. पुढच्या चाळीस वर्षांत त्या एकेक करून बाहेर पडत गेल्या. १९७०च्या सुमारास शंभरांत दहाही उरल्या नव्हत्या. हे प्रसूति-लाभामुळे घडले असे म्हणणे लबाडीचे होईल. वेगवान यंत्रे आली आणि वाइंडिंगला माणसे कमी लागू लागली. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी होती. पण मालकांच्या हिशेबात बाळंतपणाचा खर्चही एक कलम होता, हेही लपविण्यात अर्थ नाही. रात्रीची बंदी स्त्रियांच्या रक्षणासाठीच होती. तिने रक्षण केले आणि रोजगारही नेला.

मग मागू नये काय? मला वाटते, आंबेडकरांच्या बोलण्यातल्या पहिल्या अर्ध्याकडे आपण पुरेसे पाहिले नाही. मूल ही कोणाची मिळकत आहे? आई त्याला वाढवते. पण ते मोठे होऊन कर भरते, गाडी चालवते, शाळेत शिकवते, लढाईवर जाते, आणि त्या कारखानदाराच्या म्हातारपणी त्याला इंजेक्शनही देते. त्याचा लाभ साऱ्यांना होणार असेल, तर त्याच्या जन्माचा खर्च ज्या एका मालकाने त्या बाईला नोकरी दिली त्याच्याच माथी का? आणि त्याच्या माथी तो मारला, की तो पुढच्या वेळी बाईला नोकरी देताना कचरणार, यात नवल काय? कर्मचारी राज्य विमा योजनेत यावर एक साधी तोड आहे. १९४८ साली तिचा कायदा झाला आणि १९५२ साली दिल्ली व कानपूर येथे ती सुरू झाली. तीत मालक ठराविक पगाराखालच्या सगळ्या कामगारांमागे वर्गणी भरतो, पुरुष असो वा स्त्री. कामगारही आपला लहानसा वाटा भरतो. आणि बाळंतपणाचा पगार त्या सामाईक निधीतून निघतो. ज्या कारखान्यात एकही बाई नाही तोही दुसऱ्या कारखान्यातल्या बाईच्या बाळंतपणाला हातभार लावतो. म्हणजे बाई ठेवली काय, न ठेवली काय, मालकाला खर्च तेवढाच. गावच्या पंगतीला प्रत्येक घराने शिधा द्यावा तसे हे आहे. माझ्या नोकरीत मी ही योजना जवळून पाहिली. तिच्या दवाखान्यांतील रांगा आणि कारकुनी यांबद्दल मला कोणी बोलते केले तर हा सबंध अंक पुरणार नाही. पण तिच्यामागचा विचार खणखणीत आहे.

या योजनेच्या बाहेर मात्र २०१७ साली प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली तेव्हा तिचा पगार देण्याची जबाबदारी मालकावरच राहिली. सव्वीस आठवडे मिळाले याचा मला आनंद आहे. सहा महिने अंगावरचे दूध मिळालेले मूल आणि दोन महिन्यांत बाटलीवर गेलेले मूल यांतला फरक मी उभा जन्म पाहिला. पण पुढच्याच वर्षी माझी मुलगी एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा तिला पहिला प्रश्न आला, ‘लग्नाला किती वर्षं झाली?’ त्याच महिन्यात माझ्या जावयानेही नोकरी बदलली. त्याला विचारले गेले ते एवढेच, की रुजू कधी होणार.

पाळीच्या रजेचा वाद याच जातीचा. बिहारने १९९२ साली सरकारी नोकरीतील स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली, आणि २०२५ साली कर्नाटकाने वर्षाला बारा भरपगारी दिवस देण्याचे ठरविले. मधल्या काळात, २०२४ साली, सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न आहे असे म्हणून, सक्तीच्या रजेमुळे स्त्रियांना नोकरीपासून दूर ठेवले जाण्याची भीती बोलून दाखविली. माझ्या ओळखीच्या डॉक्टर मैत्रिणींत यावर दोन तट आहेत. एक म्हणते, आपणच आपल्याला दुबळे ठरवू नये. दुसरी म्हणते, वेदनेने कळवळणाऱ्या मुलीला बळ दाखवावयास लावणे हा कोणता पुरुषार्थ? मी दुसरीच्या बाजूची आहे. जिला लागते तिने घ्यावी, जिला लागत नाही तिने घेऊ नये. पोटदुखी ही सगळ्यांना सारखी नसते एवढे तर कोणीही मानील. मात्र मला एक गोष्ट खटकते. रजेवर एवढा शब्दांचा पाऊस पडतो, आणि घरी न बसता कामावर येणाऱ्या बाईला दिवसभरात लघवीला जाता येते की नाही, यावर कोणी बोलत नाही. बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलीस मुली, एकशिक्षकी शाळेतल्या बाई, शेतावरच्या मजूर, बसमधल्या कंडक्टर यांचा उपाय एकच: पाणी प्यावयाचे नाही. मूत्रमार्गाचा दाह, मूतखडा, डोकेदुखी यांच्या कितीतरी केसपेपरांवर मी ‘पाणी कमी’ असे लिहिले आहे. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच २०१९-२१च्या पाहणीत आले आहे. यांच्यापुढे जागतिक महिला दिनी गुलाबाचे फूल ठेवले जाते. साडीचोळीचे ते आजचे रूप.

फुलावरून आठवले. नोकरी आणि मूल दोन्ही सांभाळणाऱ्या बाईबद्दल बोलताना ‘तारेवरची कसरत’ हा शब्द आपल्या तोंडी फार. मलाही तो पुष्कळदा कौतुकाने बहाल झाला. पण आमच्या सांगलीकडच्या सर्कशींत तारेवर चालणारीच्या खाली जाळी बांधलेली असे, आणि तिची कसरत दहा मिनिटांत संपे. येथे जाळी म्हणजे सासूबाई, किंवा आई, किंवा पैसे देऊन ठेवलेली बाई. माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी कामावर गेले तेव्हा तिला सांभाळावयास एक तरुण बाई येऊ लागली. तिचा मुलगा माझ्या मुलीहून दीड महिन्याने मोठा. तो कोठे असतो म्हणून पहिल्याच दिवशी विचारले. शेजारच्या आठ वर्षांच्या पोरीकडे ठेवून येत होती. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याकडेच आला आणि दोघांना एका पाळण्यात उलटसुलट निजविले जाऊ लागले. आमच्यापुरता प्रश्न सुटला. पण त्या वस्तीतल्या बाकीच्या बायका जेथे जेथे मुले सांभाळावयास जात होत्या, त्यांची मुले कोणाकडे होती? एका आईची नोकरी दुसऱ्या आईच्या नोकरीवर उभी, दुसरीची तिसरीवर. आणि उतरंडीच्या सर्वांत खालच्या मडक्यात आठ वर्षांची पोर. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले होते. पुष्कळ ठिकाणी त्यामुळे पटावर एकोणपन्नास बायका असत. हा विनोद नव्हे. निरीक्षक लोक हे आपसांत बोलत.

माझे यजमानही नोकरी करीत. त्यांना एकतीस वर्षांत एकदाही कोणी विचारले नाही, की घर आणि काम तुम्ही कसे सांभाळता. एकदा मीच गमतीने विचारले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘मला वाटतं, तू सांभाळतेस.’ उत्तर खरे होते. त्या संध्याकाळपासून मुलीला दवाखान्यात नेण्याचे काम त्यांच्याकडे गेले, आणि डॉक्टरच्या घरातले हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते.

आतापर्यंत मी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना निदान दरवाजा होता. तो बंद होता, पण त्याच्यापुढे उभे राहून अर्ज तरी देता येत होता. निवृत्त झाल्यावर मी बीडकडे आरोग्य शिबिरांना जाऊ लागले तेव्हा जिथे दरवाजाच नाही असे काम पाहिले. ऊसतोडीला जोडपे जाते, आणि त्या जोडप्याला म्हणतात ‘एक कोयता’. माणसे दोन, मोजणी एक. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. एक दिवस कामाला चुकले की तो खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पहाटे फडावर जावयाचे, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची. कोपीवर पाणी नाही, संडास नाही. अशा ठिकाणी पाळी आली तर ती खाडा. गरोदर राहिली तर खाडा. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून डॉक्टरकडे गेली तर तोही खाडाच. नोकरीच्या आरंभी त्याच मुलखात ज्या बाया माझ्याकडे येत त्या म्हणत, ‘बाई, काहीतरी औषध द्या.’ आता त्यांच्या सुना येतात आणि म्हणतात, ‘पिशवी काढून टाका.’

पिशवी म्हणजे गर्भाशय. २०१९ साली याविषयी ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक. देशभरच्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास येते. दोन पाहण्यांची वये तंतोतंत सारखी नसतील, हे धरूनही अंतर केवढे आहे! चाळिशीच्या आत ही शस्त्रक्रिया झाली की पुष्कळ जणींना ऋतुनिवृत्ती लवकर येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, कंबर धरते; मग मोळी उचलवत नाही, आणि जो खाडा टाळावयास पिशवी काढली तो पुन्हा दारात उभा राहतो. हा खर्चही बहुधा उचल घेऊनच केलेला असतो. गरज नसता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दोष द्यावयाचा तर तो दिलाच पाहिजे. माझ्याच धंद्यातली ती माणसे आहेत. पण त्या बाईने ‘काढा’ म्हटले तेव्हा ती अडाणी होती असे मला वाटत नाही. कामाच्या सदऱ्यात अंग बसेना, तेव्हा तिने आपल्या हिशेबाने अंगच छाटून घेतले.

मी शिबिरात एकीला विचारले होते, तुझे वय काय? ‘एकोणतीस. दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?’ मी तिला समजाविले. गोळ्या दिल्या, तपासणीची चिठ्ठी लिहिली, पंधरा दिवसांनी ये म्हटले. ती हसली आणि म्हणाली, ‘बाई, पंधरा दिवसांनी आम्ही कारखान्यावर असू.’ तिचा मालक कोण, हे कागदावर शोधू गेले तर सापडत नाही. साखर कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. विमा योजनेची वर्गणी भरणार कोण? ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्याने महामंडळ काढले आहे, आणि गाळल्या जाणाऱ्या उसाच्या टनामागे ठराविक रक्कम त्याच्याकडे वळविण्याचे ठरले आहे. मालक सापडत नसेल तर उसावरच पट्टी बसवावी, ही तोड मला पटते. साखर आपण सगळे खातो. करंज्या-अनारशांच्या या दिवसांत तर अंमळ अधिकच. त्या पैशातून फडाजवळ पाण्याची टाकी, फिरता दवाखाना, कोपीवरच्या लेकरांसाठी एक छप्पर आणि खाड्याचा दंड माफ, एवढे जरी झाले तरी ‘पिशवी काढा’ म्हणणाऱ्या बायकांची रांग कितीतरी कमी होईल, असे मी या व्यवसायात घालविलेल्या वर्षांच्या आधाराने म्हणते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीड, जालना, अहिल्यानगर, परभणीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघाले असतील. वर गोणपाटात भांडी, कोंबड्या, सरपण, कोयते. मध्ये बाया, आणि ट्रॉलीच्या दांड्याला लुगड्याची झोळी. त्या एकोणतीस वर्षांच्या बाईचा फोन दसऱ्यानंतर आला होता. चिठ्ठीवरची तपासणी करून झाली, पिशवीला काही झालेले नाही, असे तिला सांगण्यात आले. ‘मग ठेवू का, बाई?’ तिने विचारले. ठेव, मी म्हटले. यंदा कोणत्या कारखान्यावर जाणार ते तिने सांगितले, आणि तेथून जवळ कोणता सरकारी दवाखाना आहे, तेवढा पत्ता मागितला. तो मी तिला लिहून पाठविला आहे. फडापासून अकरा किलोमीटर.